लाल कॉर्डची जोडी

साताऱ्यात आमच्या घरावरून उसाच्या गाड्या जात नाहीत, तरी कारखान्यांचा हंगाम सुरू झाला की मला कळतं. कराडकडून आलेल्या एस.टी.च्या पायरीवर पाचट अडकलेलं असतं. स्टँडवर उतरणाऱ्या माणसांच्या टोप्यांवर बारीक काळे ठिपके असतात. खिडकीच्या दांड्यावरून बोट फिरवलं तर काजळी लागते. साध्या धुळीसारखी नाही, जराशी चिकट. मी ती रुमालाला पुसते आणि मग उगाच रुमालाचा वास घेते. त्यात मळीचा वास असणं शक्य नाही. पण मला येतो.

काही वर्षांपूर्वी मी एक हंगाम त्या काजळीत काढला. उंब्रजच्या खाली नदीकाठी एक साखर कारखाना आहे, त्याच्या टेलिफोनच्या खोलीत मी ऑपरेटर होते.

बोलण्याचं काम माझ्याकडे यावं याचं सगळ्यांत जास्त आश्चर्य मलाच होतं. माझे वडील पाचगणीच्या एका इंग्रजी शाळेत कारकून. त्यामुळे वाईच्या माझ्या मैत्रिणी नदीकाठच्या शाळेत जात, आणि मी वडिलांबरोबर घाट चढून डोंगरावरच्या शाळेत. तिथं मी कारकुनाची मुलगी होते आणि खाली वाईत आल्यावर मडम. दोन्हीकडे गप्प बसणं सोयीचं होतं. गप्प माणसाला लोक चांगलं म्हणतात आणि मग त्याच्या वतीनं सगळं ठरवून टाकतात. घरात मला विचारत नसत असं नाही. विचारत. पण मला उत्तर शोधायला वेळ लागायचा, आणि तेवढ्यात कुणीतरी म्हणायचं, "तिची काही हरकत नाही." कॉलेजात कुठला विषय घ्यायचा ते असंच ठरलं. कारखान्यात केमिस्ट असलेल्या मावशीच्या यजमानांनी, मुंबईशी इंग्रजीत बोलायला कुणी हवंय, असं सांगितलं तेव्हा ही नोकरीही अशीच ठरली.

शाळेच्या प्रार्थनेच्या हॉलमध्ये एक उभा पियानो होता. टेलिफोनचा बोर्ड पहिल्यांदा पाहिला तेव्हा मला तोच आठवला. तशीच उंची, तसंच काळपट लाकूड. समोरच्या उभ्या फळीवर भोकांच्या रांगा. प्रत्येक भोकावर एक इवलीशी झडप. मिलमधून, गोडाउनमधून, वजनकाट्यावरून कुणी फोन उचलला की त्याची झडप टपकन पडायची. खाली आडव्या फळीवर कॉर्डच्या जोड्या उभ्या असायच्या, पितळी टोकं वर करून. ज्यानं फोन केला त्याच्या भोकात मागची कॉर्ड घालायची, विचारायचं, आणि ज्याच्याशी बोलायचंय त्याच्या भोकात पुढची. दोन माणसं जोडली जायची. मधे मी. माझा चेहरा कुणाला दिसत नसे, हे मला फार आवडायचं. बोर्डापुढे बसून मी अशी माणसं जोडली की ज्यांच्यासमोर उभी राहिले असते तर माझ्या तोंडून शब्द फुटला नसता.

शिकवलं लीलाताईंनी. त्या सांगलीच्या. जुन्या ऑपरेटर, अंगानं भरलेल्या, आणि हेडफोन लावलेला असतानासुद्धा एका गालात फुटाणे. पहिल्या दिवशी मी भोकातला प्लग काढायला कॉर्डला धरून ओढलं, तशा त्या ओरडल्या, "अगं अगं! मांजराला शेपटीनं उचलतेस का?"

"नाही."

"मग हिला का? मानेला धर. मानेला धरून सरळ मागं घ्यायची. आणि सोडून द्यायची नाही, घरापर्यंत पोचवायची."

कॉर्डच्या खाली टेबलाच्या पोटात एक वजन लटकत असे. हात सोडला की कॉर्ड सुळकन आत जायची आणि प्लग फळीवर आपटायचा. त्या आवाजावरून लीलाताई बाहेरच्या व्हरांड्यातून ओळखायच्या की बोर्डावर मी आहे. हळूहळू तो आवाज बंद झाला. कॉर्डला पीळ पडू द्यायचा नाही, दोन जोड्या एकमेकींत गुंतू द्यायच्या नाहीत, सकाळी आल्याबरोबर जुन्या धोतराच्या फडक्यानं पितळी टोकं कोरडी पुसायची. हंगामात तर दुपारीही. हवेत बगॅसचा, म्हणजे उसाच्या चोथ्याचा, भुसा, काजळी, साखरेची पूड. सगळं त्या टोकांवर येऊन बसायचं आणि मग बोलणाऱ्यांच्या मधे खरखर व्हायची. "माणसं म्हणतात लाइन खराब," लीलाताई म्हणायच्या, "लाइन बिचारी चांगली असते. आपली टोकं मळलेली असतात."

कुठल्या कॉलला कुठली जोडी द्यायची हेही एक गणितच होतं. प्लगपाशी सुतं सुटलेल्या, जुन्या जोड्या जवळच्या कॉलना. वजनकाट्यावरच्या माणसाला तशीही ओरडून बोलायची सवय. मधल्या जोड्या लॅबोरेटरीला, शेतकी ऑफिसला. आणि अगदी उजवीकडे एक लाल कॉर्डची जोडी होती, नवी, बारीक विणीची, जिच्यातून जराही खरखर येत नसे. ती चेअरमनसाहेबांच्या ट्रंक कॉलची, म्हणजे परगावच्या फोनची. दुसऱ्या कुणासाठी ती उचललेली मी पाहिली नव्हती. तिला हात लावायचा नाही असा काही नियम भिंतीवर लिहिलेला नव्हता. पण सगळ्या कारखान्याला ती माहीत होती. मिलमधली मोठी मोठी माणसंसुद्धा आमच्या दारात आली की आधी तिकडे बघायची. लाल जोडी वर असली की आवाज खाली.

खिडकीतून गाड्यांची रांग दिसायची. बैल बसलेले, गाडीवान मोळ्यांच्या सावलीत डोक्यावर टॉवेल टाकून पडलेले. घुंगरांचा आवाज दिवसभर असायचा, त्यामुळे तो ऐकू येईनासा झाला होता. भोंगा झाला, पाळी बदलली, की व्हरांड्यातून चपलांचा लोंढा जायचा. त्या बाजूच्या गावांत तेव्हा टेलिफोन फारसे नव्हते. घरोघरी एखादा मुलगा पलटणीत. अगदीच निकड असली तर सभासद शेतकरी कारखान्यावर येऊन ट्रंक कॉल लावत आणि शेतकी ऑफिसातल्या फोनवर बोलत. कॉल लागायला अर्धा दिवस जायचा. तोवर आमच्या खोलीबाहेरच्या बाकावर बसून राहायचं.

त्या बाकावर एक दिवस आबा आणि त्यांची सून शालन बसली होती. म्हणजे आबा बाकावर, आणि ती खाली, भिंतीला टेकून. आबा उंच, मिशा पिकलेल्या, पटका नीट बांधलेला. शालन माझ्याच वयाची असावी. डोक्यावरचा पदर कपाळापर्यंत, हातांवर उसाच्या पात्यांचे बारीक ओरखडे. आबांचा मुलगा मारुती सैन्यात नायक होता, जबलपूरला. नोकरीची मुदत दोन-तीन वर्षांनी संपणार होती; वाढवून घ्यायची तर त्याला आताच कागदावर सही करायची होती, नाही तर मुदत संपली की घरी यायचं. हे सगळं आबांनीच सगळ्या व्हरांड्याला ऐकवलं.

कॉल लागला. मी शेतकी ऑफिसच्या भोकात कॉर्ड घातली. त्या दिवसांत लांबचे कॉल मधेच गळून पडत, म्हणून ऑपरेटरला कान लावून बसावं लागे.

"हॅलो! मारुती! आरं आयकू येतंय का?" आबांना खरं तर टेलिफोनची गरज नव्हती. "उसाची लागन झ्याक हाय! सईचं काय केलंस?"

"न्हाई केली अजून. तुमी काय म्हनताय?"

"आरं करून टाक की! पेन्शनीला बरं पडंल. हितं येऊन काय बांधावर बसनार हायस व्हय?"

लाइन वाऱ्यासारखी खरखरली. मग, "आबा, तिला इचारलं का?"

"हाय की हितंच. घे गं. बोल."

बांगड्या वाजल्या. रिसीव्हरवर पदर घासल्याचा आवाज आला.

"शालन," तो म्हणाला. "सई करू का नको? तू सांग." आणि मग, "बोल की गं."

मागं शेतकी ऑफिसातली गडबड ऐकू येत होती. कुणीतरी ऊसतोडीची पावती मागत होतं. कुणीतरी हसलं. तिचा श्वास मला ऐकू येत होता, आणि जबलपूरला तोही ऐकत असणार. दुसरं काहीच नाही. कॉलची तीन मिनिटं संपत आली आणि आबांनी रिसीव्हर परत घेतला.

"काय बोलंना गड्या. म्हंजे तिची काय हरकत न्हाई. टाक करून."

लाइन गेली. मी कॉर्ड मानेला धरून काढली आणि घरापर्यंत पोचवली. ते वाक्य मी ओळखत होते.

थोड्या वेळानं शेतकी ऑफिसचा शिपाई नामदेव चहा घेऊन आला तो हसतच. "ताई, आज लय गंमत झाली. त्या आबांची सून! फोन कानाला लावून भिंतीकडं तोंड करून उभी, आन् नुसती मान हलवतीया. अशी." त्यानं मान डावीउजवीकडे हलवून दाखवली. "न्हाई, न्हाई, न्हाई. पार जबलपूरला दिसावी म्हनून जोरात! आमी म्हनलं, आवं, फोनात दिसतं व्हय?"

लीलाताई हसल्या. मग हसता हसता थांबल्या आणि माझ्याकडे बघितलं. "म्हणजे तिनं उत्तर दिलं की गं," त्या म्हणाल्या.

मी चहा घेतला नाही. माझ्या डोळ्यांपुढे ती मान येत होती. पाठीमागे सासरा, भोवती सगळं ऑफिस, आणि एवढ्या माणसांत ती नवऱ्याला नाही म्हणत होती. सगळ्यांनी पाहिलं, फक्त ज्यानं विचारलं त्याला दिसलं नाही.

चारसहा दिवसांनी ती एकटी आली. शेजारच्यांच्या उसाच्या गाडीबरोबर आली होती. दाराच्या चौकटीला धरून उभी राहिली, आत येईना.

"बाई, त्यो फोन पुन्यांदा लावता येतो का?"

"आबा कुठे आहेत?" लीलाताईंनी विचारलं.

"उंब्रजच्या बाजारला गेल्यात." मग एकदम, घाईनं, "कागद सोमवारी जायाचा हाय म्हनं. सईचा. मला बोलायचं हाय."

लीलाताईंनी तिला नखशिखांत बघितलं, फुटाण्यांचा पुडा बंद केला आणि मला म्हणाल्या, "सभासदाच्या घरची आहे. लाव."

मी कराडच्या ट्रंक ऑपरेटरला फोन लावला. माणसाच्या नावानं कॉल असला की नाव सांगावं लागे, म्हणून मी वळून म्हटलं, "पूर्ण नाव सांगा त्यांचं."

ती जमिनीकडे बघायला लागली. मला वाटलं, ऐकू गेलं नाही. मी परत विचारलं. तिनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, परत गुंडाळलं.

"अगं, ती काय नवऱ्याचं नाव घेणार आहे?" लीलाताई म्हणाल्या. "एवढं इंग्रजी शिकलीस आणि एवढं कळत नाही?"

"शनवारी ज्याला त्याल घालत्यात त्येचं," ती पुटपुटली आणि तिला स्वतःलाच हसू आलं. माझी आजी वाईच्या घाटावरच्या देवांची नावं अशीच चुकवायची, कारण आजोबांचं नाव त्यांतलंच एक होतं. आणि मारुती हे नाव तर मला माहीतच होतं. मी ते फोनवर सांगितलं. कराडला ऐकू गेलं, पुढे पुण्याला नीट गेलं नाही, तिथल्या ऑपरेटरनं इंग्रजीत अक्षरं विचारली. मग मी, जिला वर्गात हजेरीला 'प्रेझेंट'सुद्धा जोरात म्हणता येत नसे, टेबलाला धरून ओरडायला लागले. "एम फॉर मद्रास! ए फॉर आग्रा! आर फॉर रामपूर!" शालन तोंडावर पदर धरून माझ्याकडे बघत होती. तिच्या नवऱ्याचं नाव असं अक्षर अक्षर सुटं करून कुणी अख्ख्या देशाला ऐकवेल असं तिला कधी वाटलं नसेल.

मग वाट बघणं. मी स्टूल दिलं, पण ती खालीच बसली. बराच वेळ काही बोलली नाही, आणि मीही बोलले नाही. आम्हा दोघींना ते अवघड गेलं नाही. कधीतरी ती म्हणाली, "पोरगी हाय मला. रजेवर आलं की बापाला पावनं म्हनती. मागल्या टायमाला इचारत हुती, पावनं कवा जानार?" आणि बोर्डाकडे बघत, "ह्या दोऱ्या लय छान हायेत."

दुपारी लीलाताई जेवायला कॉलनीतल्या घरी गेल्या आणि कराडची झडप पडली. जबलपूर लाइनवर होतं. पार्टी आली होती, म्हणजे मारुती फोनवर होता.

शेतकी ऑफिसकडे कॉर्ड नेता नेता माझा हात थांबला. तिकडे नामदेव, पावत्या, हसणारी माणसं. मी कॉर्ड परत ठेवली. मधल्या जोडीकडे हात गेला; तीही ठेवली. मग उजवीकडची लाल कॉर्ड मानेला धरून उचलली, फडक्यानं पुसली आणि ट्रंकच्या भोकात घातली. माझ्या डोक्यावरचा हेडफोन काढला.

"इकडे या. इथं बसा."

ती माझ्या खुर्चीवर बसली, अगदी कडेला. हेडफोन पदरावरून बसेना. तिनं एकदा दाराकडे पाहिलं आणि पदर मागे टाकला. मधे भांग पाडून घट्ट बांधलेले केस. मी कानावर हेडफोन बसवला.

"मान हलवायची नाही," मी म्हटलं. "बोलायचं."

फळीवरची बोलण्याची किल्ली पुढे ढकलली, बाहेर गेले आणि दार लावून घेतलं.

दाराला वर काच होती. त्यातून बोर्डावरच्या झडपा पडताना दिसत होत्या. मिलची पडली. लॅबोरेटरीची पडली. गोडाउनची, मग परत मिलची. सबंध कारखाना त्या वेळी कुणाशीच बोलू शकत नव्हता. शालनची पाठ दिसत होती आणि तिचा हात. लाल कॉर्ड तिनं मुठीत हलकेच धरली होती, ओढलेली नव्हती. वासराचं दावं धरावं तशी. ती बोलत होती का, ते कळत नव्हतं. मी काचेकडे पाठ केली.

तेवढ्यात चीफ इंजिनिअर व्हरांड्यातून तरातरा आले. मोठा माणूस, मोठा आवाज. "ऑपरेटर कुठाय? मिलवरून कधीचा फोन करतोय!"

एरवी मी बाजूला सरले असते. दाराची कडी माझ्या पाठीला टोचत होती.

"लाइन चालू आहे, साहेब. तीन मिनिटं थांबावं लागेल."

"कुणाची लाइन?"

"लाल जोडीवर आहे."

त्यांनी माझ्या डोक्यावरून काचेत पाहिलं, लाल कॉर्ड पाहिली, आणि त्यांचा चेहरा बदलला. "मग आधी सांगायचं नाही का," ते कुजबुजले. ते तिथंच भिंतीला टेकून, हात मागे बांधून, अगदी शहाण्यासारखे उभे राहिले. मी खोटं काही बोलले नव्हते. पण मला हसू आवरायला खालचा ओठ चावावा लागला.

ती बाहेर आली तेव्हा पदर परत डोक्यावर होता. साहेब तिच्याकडे बघतच राहिले; काय समजायचं ते त्यांना कळेना, आणि मिलमध्ये काम खोळंबलं होतं, म्हणून परत मिलच्या फोनकडे धावले. ती माझ्याजवळ थांबली.

"बोल्ले," ती म्हणाली.

"ऐकू गेलं त्यांना?"

"गेलं." मग, "म्या बोल्ले की त्ये बी गप झालं. मग म्हनलं, बरं." एवढं सांगून ती गाड्यांच्या रांगेकडे चालू लागली.

लीलाताई परत आल्या. लाल कॉर्ड अजून वरच होती. "हे काय? चेअरमन तर पुण्याला गेलेत."

"हो."

त्यांनी कॉर्ड काढली, खिडकीबाहेर दूर जाणाऱ्या शालनकडे पाहिलं, मग माझ्याकडे. फडकं घेऊन पितळी टोक सावकाश पुसलं आणि प्लग जागेवर उभा केला. "लाल जोडीला इतकं चांगलं काम बऱ्याच दिवसांत मिळालं नव्हतं," एवढंच म्हणाल्या आणि फुटाण्यांचा पुडा माझ्यापुढे धरला.

ती पुन्हा कारखान्यावर आली असेल तर मला दिसली नाही. हंगाम संपला. शेवटच्या गाडीला हार घातले, भोंगा नेहमीपेक्षा लांब वाजला आणि दुसऱ्या दिवशी इतकी शांतता झाली की घुंगरं इतके दिवस वाजत होती हे मला तेव्हा कळलं. उन्हाळ्यात घरी माझ्यासाठी पुन्हा काहीतरी ठरत होतं. मला विचारलं. मला नेहमीसारखा वेळ लागला. पण मधे कुणी बोलायच्या आत मी म्हटलं, "मला हरकत आहे." सगळे इतके चकित झाले की मला त्यांची दयाच आली. मग मी साताऱ्याला आले, एका शाळेत इंग्रजी शिकवायला. माझ्या वर्गात दोन-तीन मुली आहेत, ज्या प्रश्न विचारला की मान हलवतात. मी थांबते. पुढच्या मुलीकडे वळत नाही.

मध्यंतरी सांगलीच्या बाजारात लीलाताई भेटल्या होत्या. कारखान्यात आता नवा बोर्ड आला म्हणाल्या, नुसती बटणं, कॉर्ड नाहीतच. "लाल जोडी मी मागून घेतली," त्या म्हणाल्या. "काय करू तिचं? कपडे वाळत घालायला फार चांगली आहे."

गेल्याच आठवड्यात मी साताऱ्याहून सांगलीला निघाले होते. उंब्रजला गाडी थांबली. कंडक्टर टपावर चढला आणि वरून ओरडला, "मिलिट्रीवाले, धरा तुमची ट्रंक!" खिडकीसमोरून एक काळी पत्र्याची ट्रंक खाली आली. तिच्यावर पांढऱ्या रंगात इंग्रजी अक्षरं होती. नंबर, मग नायक, मग नाव. एम, ए, आर... माझे ओठ आपोआप हलले. मद्रास, आग्रा, रामपूर. जे नाव मी एकदा अख्ख्या देशाला ओरडून सांगितलं होतं, त्या नावाचा माणूस मी पहिल्यांदाच बघत होते. सावळा, शिडशिडीत, कानांजवळ थोडे पांढरे केस. मुदत संपली असावी, किंवा पुन्हा एकदा रजेवर. ट्रंकेवरून ते कळत नाही. ट्रंक दोन्ही वेळा तीच असते.

रस्त्याच्या कडेला बैलगाडी उभी होती. आबा होते, मिशा आता पूर्ण पांढऱ्या. त्यांच्या मागे डोक्यावर पदर घेतलेली शालन. तिच्या आडून एक परकरातली मुलगी पुढे आली, ट्रंकेभोवती फिरली, तिच्यावर टुणकन बसली आणि सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं तिनं विचारलं, "आये, पावनं कवा जानार?"

कंडक्टरनं दोरी ओढली होती, घंटी झाली होती. आबा खाकरले, काहीतरी सांगायला त्यांनी तोंड उघडलं. पण त्यांच्याआधी, सासऱ्यासमोर, भर रस्त्यात, तिचा आवाज आला. मला तो अजिबात ओळखीचा नव्हता. मी तिचं बोलणं टेलिफोनवर कधी ऐकलंच नव्हतं.

"आता न्हाई जायाचं त्येनी," ती म्हणाली. "ऊठ तितनं. ट्रंक घरला न्यायची हाय."